मदत हवी आहे: आडव्या बाटलीचं मतदान आणि यादीतल्या, पण गावात नसलेल्या बाया

वेचणीवाली

नमस्कार मंडळी,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसकडच्या एका लहान गावातल्या बाया. गावाचं नाव सध्या मुद्दाम लिहीत नाही. गावातलं परवान्याचं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही सह्यांचं निवेदन दिलंय आणि आता पडताळणीची वाट पाहतोय. दुकान बंद व्हावं की नाही, यावर इथं चर्चा नको. ते आमचं ठरलंय. मदत पाहिजे ती मतदानाच्या हिशोबाची, आणि ती लवकर पाहिजे. दसरा झाला, सोयाबीन निघालं. दिवाळी झाली की तांड्यावरच्या (बंजारा वस्तीतल्या) मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. सह्यांची अट आम्ही सहज पार केली. खरी अडचण पुढं आहे. आडव्या बाटलीला निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात आणि ती निम्मी झालेल्या मतदानाची नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांची.

हिशोबाला सोपा आकडा घ्या. समजा यादीत 600 बाया आहेत. मतदानाला 400 आल्या, त्यातल्या 290 जणींनी आडवी केली, 110 जणींनी उभी. कोणीही म्हणेल बाया जिंकल्या. पण 301 पाहिजे होत्या, म्हणून दुकान सुरूच राहतं. जी आली नाही तिचं मत आपोआप दुकानाच्या खात्यात जातं. दुकानवाल्याला प्रचार करायची गरजच नाही, बाया घरी राहिल्या की त्याचं काम होतं.

हे कळल्यावर आम्ही मतदार यादीच्या झेरॉक्स काढल्या आणि रात्री जेवणं झाल्यावर समाजमंदिरात सतरंजीवर पसरल्या. बचत गटातल्या दोन शिकलेल्या पोरी एकेक नाव वाचत गेल्या आणि बाकीच्या सांगत गेल्या. वारलेल्या बाईच्या नावापुढं फुली, लग्न होऊन गेलेल्या पोरीच्या नावाभोवती गोल, कामाला बाहेरगावी गेलेलीच्या नावाखाली रेघ. एका काकूंच्या सासूचं नाव निघालं. त्या म्हणाल्या, "माय, बुढीची तेरवी होऊन किती वर्सं झाली, अन् ते अजून मतदान करून रायली काय!" कोणी हसलं नाही, कारण पुढच्याच पानावर आणखी तशीच नावं होती. एका पोरीचं लग्न अमरावतीकडं होऊन तिला दोन लेकरं झाली, तरी नाव इथंच. पानं संपली तेव्हा लाल खुणा एवढ्या झाल्या होत्या की बायांचे चेहरेच उतरले.

आता माझे प्रश्न.

वारलेल्या आणि सासरी गेलेल्या बायांची नावं मतदानाआधी यादीतून काढता येतात का? अर्ज कोणी करायचा, घरच्यांनी की गावातल्या कोणीही? त्याला किती दिवस लागतात आणि मधल्या काळात मतदान लागलं तर कोणती यादी धरतात? बीएलओंना (गावातल्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या शिक्षकांना) विचारलं तर "बघू" म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत, त्यांच्यामागं शाळेची कामं आहेत. पण "बघू"वर आम्हाला थांबता येत नाही.

दुसरं तारखेचं. पडताळणी किंवा मतदान ऐन कापूस वेचणीत लागलं तर बाया कशा येणार? वेचणीची मजुरी किलोवर असते. एक दिवस बुडाला म्हणजे घरातलं तेल-मीठ बुडालं. मजुरी बुडवून ये, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि तांड्यावरच्या बाया तेव्हा साखर कारखान्यावर असतील. तारीख अमुक महिन्यात घ्या, अशी मागणी करता येते का? कोणाकडे?

तिसरं पडताळणीचं. सही केलेल्या बाईला अधिकाऱ्यांपुढं "ही माझीच सही" असं सांगावं लागतं म्हणतात. मतदान गुप्त आहे, पण पडताळणी तर सगळ्यांसमोर. काही बायांना दुकानाच्या माणसांकडून निरोप येऊन रायले. कोणाच्या नवऱ्याची उधारी आहे, ती एकदम मागू म्हणतात. एकीला तर "तुह्या पोराले कामावरून काढतो" असं सांगितलं. पडताळणीत निम्म्या बाया मागं हटल्या तर मतदान लागणारच नाही. ज्यांनी हे पार केलंय त्यांनी बायांना कसं सांभाळलं?

ऊसतोडीला गेलेल्या बायांबद्दल एक आधीच स्पष्ट करते. त्यांचीही नावं काढून टाका म्हणजे आकडा खाली येईल, असं गावातल्या एकानं सुचवलं. ते आम्ही करणार नाही. त्या पोटासाठी सहा महिने बाहेर जातात, घर इथंच आहे. आज दारूसाठी नाव काढलं तर उद्या रेशनला, घरकुलाला त्यांचा अडथळा होईल. आणि मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन नवऱ्यानं पिलेली दारू त्याच बाया कोयता मारून फेडतात. पहिलं मत त्यांचं.

जुना_कारकून

ताई, माझी सगळी नोकरी निवडणुकीच्या कामातच झाली, म्हणून यादीपुरतं सांगतो.

नाव वगळण्यासाठी नमुना 7 असतो. मृत्यू, कायमचं स्थलांतर, दुबार नाव ही कारणं चालतात. अर्ज घरच्यांनीच करावा असं नाही, त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार करू शकतो. मयत बाईसाठी ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढून जोडा, म्हणजे काम लवकर होतं. बीएलओ घरी येऊन चौकशी करतात आणि निर्णय मतदार नोंदणी अधिकारी घेतात. तेव्हा अर्ज बीएलओंच्या हातात देऊन थांबू नका. तहसीलच्या निवडणूक शाखेत द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन भरला तर त्याचा क्रमांक लिहून ठेवा. 1950 या क्रमांकावरही विचारता येतं.

सासरी गेलेल्या पोरींचं त्यांच्याकडूनच करून घ्या. तिनं सासरच्या गावी नमुना 8 भरून पत्ता बदलला की तिकडं नाव लागतं आणि इथलं निघतं. यात तिचाही फायदा आहे, तिला सासरी मत देता येतं. दिवाळीत पोरी भाऊबीजेला माहेरी येतील, तेव्हाच मोबाइलवर बसून भरून घ्या.

एक सावधगिरी. एकाच बाईच्या सहीनं नमुना 7 चा गठ्ठा देऊ नका. ढिगानं आलेल्या हरकतींची तपासणी जास्त कडक होते आणि समोरचा लगेच बोंब मारेल की विरोधकांची नावं कापली. ज्या घरातलं नाव, त्या घरातल्या माणसानं अर्ज करावा हे सगळ्यात चांगलं. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, हेही बायांना सांगून ठेवा. टोळीवर गेलेल्या बायांची नावं न काढण्याचा तुमचा निर्णय कायद्यानंही बरोबर आहे. कामासाठी काही महिने बाहेर असणं म्हणजे गाव सोडणं नव्हे.

कोणती यादी धरणार हे आत्ताच जिल्हाधिकारी आणि उत्पादन शुल्क अधीक्षक यांना लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

चिमूरची_लेक

ताई, मी चंद्रपूर जिल्ह्यातली. 2010 च्या डिसेंबरात आमच्याकडच्या बाया दारूबंदी मागायला चिमूरहून नागपूरला विधानसभेच्या अधिवेशनावर पायी गेल्या होत्या, त्यात माझी मावशी होती. म्हणून तुमचं वाचून राहवलं नाही.

पडताळणीत बाया घाबरून कमी आणि कागदाच्या घोळानं जास्त बाद होतात. निवेदनात "सुनीता" आणि यादीत "सुनिताबाई", सही एक आणि कार्डावर अंगठा, मग साहेब म्हणतो जुळत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढं यादीचा भाग आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. प्रत्येकीला तिचा क्रमांक चिठ्ठीवर द्या आणि मतदार कार्ड सोबत आणायला सांगा. निवेदनावर अंगठा असेल तर तिनं तिथंही अंगठाच द्यावा.

भीतीचं म्हणाल तर एकटी बाई पाठवूच नका. ओळीओळीनं जा. एका गल्लीतल्या सगळ्या बाया एकत्र आणि पुढं त्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. ज्या घरात नवरा अडवतो तिथं सासूला आधी तयार करा. मुलाच्या दारूनं पोळलेली सासू सुनेला स्वतः हाताला धरून आणते, हे मी डोळ्यानं पाहिलंय. धमकीचे निरोप तारखेसह वहीत लिहा आणि पोलीस ठाण्यात एक सामूहिक अर्ज देऊन ठेवा. पडताळणीच्या दिवशी बंदोबस्त मागा, त्यात महिला पोलीस मागा.

आडाणकाठ

एक विचारतो, राग मानू नका. चंद्रपूरची दारूबंदी 2015 ला झाली आणि 2021 ला उठली. अवैध दारू वाढली हेच कारण दिलं गेलं. तुमच्या गावातलं दुकान बंद झाल्यावर हातभट्टी सुरू झाली तर? मग एवढी धडपड कशासाठी?

वेचणीवाली

भाऊ, राग नाही. हा प्रश्न गावातही रोज येतो.

दुकान बंद झालं म्हणजे दारू संपली असं आमच्यातली एकही बाई म्हणत नाही. पण आमचं दुकान बाजाराच्या वाटेवर, पाण्याच्या हापशीच्या समोर आहे. पोट्ट्या संध्याकाळी पाण्याला जात नाहीत. शनिवारी मजुरी झाली की माणूस घरी यायच्या आधी दुकान लागतं. चोरून विकणाऱ्याकडं जायला रात्र पडावी लागते, रोख पैसा लागतो, उधारीची वही तिथं नसते. एवढा फरक पडला तरी आमच्या घरात दोन भाकरी जास्त होतात.

आणि अवैध विकणाऱ्यावर दारूबंदी कायद्याच्या कलम 65 ई खाली गुन्हा लागतो. परवान्याच्या दुकानावर आम्ही बोट ठेवलं की तो भिंतीवरचा कागद दाखवतो. ज्याच्याकडं कागद नाही त्याला निदान हटकता येतं. पोलीस कारवाई करतील की नाही, ही वेगळी लढाई आहे, तीही करू. वर्धा जिल्हा 1974 पासून आणि गडचिरोली 1993 पासून दारूबंदीत आहेत, तिथंही चोरून मिळते. तरी गडचिरोलीच्या बाया बंदी उठवू देत नाहीत, त्याचं काही कारण असेल ना?

पुसदकडचा

ताई, तांड्याबद्दल. मी स्वतः तांड्यावरचा आहे, माझे आईबाप टोळीवर जायचे.

मतदान कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसाचा हंगाम संपल्यावरच मागा. एप्रिलच्या मध्यापासून पेरणीच्या आधीपर्यंत आमच्या बाया घरी असतात. त्या दिवसांत वेचणीही संपलेली असते, म्हणजे तुमचे दोन्ही प्रश्न सुटतात. फक्त लग्नाच्या दाट तिथी टाळा. मागणीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत उत्पादन शुल्कला, आणि ग्रामसभेचा तसा ठराव जोडा. महिलांची ग्रामसभा घेऊन ठराव झाला तर आणखी वजन येतं. तारीख त्यांच्या हातात आहे, पण मागणी कागदावर असली की ऐन हंगामात तारीख टाकणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

टोळ्या जायच्या आधी तांड्यावर एक बैठक घ्या. नायकाच्या घरासमोर बसा आणि गोरमाटी (आमची बंजारा बोली) बोलणारी बाई सोबत न्या. आमच्या बाया गावच्या बैठकीत मागं बसतात, तिथं बोलत नाहीत. तांड्यावर बोलतील. पडताळणी त्या नसताना लागली तर काय, हे त्याच दिवशी ठरवा. प्रत्येक टोळीतल्या एका बाईचा फोन नंबर घ्या, मुकादमाचा नको.

तुमचं गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात) येतं का? आलं तर ग्रामसभेलाच दारूबद्दल जास्तीचे अधिकार आहेत.

वेचणीवाली

भाऊ, आमचं गाव पेसात नाही, म्हणून मतदानाचाच रस्ता. तांड्यावरच्या बैठकीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं, ती टोळ्या निघायच्या आत घेतो. गोरमाटी बोलणारी एक आशाताई आमच्यासोबत आहेत.

काकाजी, नमुना 7 चं घरोघर सांगायला उद्यापासून लागतो. मयतांचे दाखले ग्रामपंचायतीत आहेत, पण काही बाया दवाखान्यात यवतमाळला वारल्या, त्यांची नोंद तिकडं असेल. तिकडचा दाखला मिळेपर्यंत अर्ज थांबवायचा की पंचनामा किंवा पोलीस पाटलांचं पत्र लावून द्यायचा, एवढं सांगाल का?

चिमूरच्या ताई, अनुक्रमांकाच्या चिठ्ठ्यांचं काम पोरींनी आजच सुरू केलं. सामूहिक अर्जाचा जुना नमुना तुमच्याकडं असेल तर गावाचं आणि माणसांचं नाव खोडून इथंच टाका, म्हणजे दुसऱ्या गावच्या बायांनाही उपयोगी पडेल. तारखेच्या मागणीचा अर्ज मी सोमवारी यवतमाळला नेऊन देणार आहे. त्याआधी कोणाला त्यात काही घालावंसं वाटलं तर रविवारी रात्रीपर्यंत लिहा.