प्रेक्षक फक्त आपलेच नाहीत

परदेशात हिंदी सिनेमा चालतो तो तिथल्या भारतीयांच्या जिवावर, असं वर एकांनी म्हटलंय. अमेरिका-इंग्लंडपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण १९५४ साली सोव्हिएत रशियात 'आवारा' लागला तेव्हा तिथे असे कितीसे भारतीय होते? तरी सहा कोटींवर तिकिटं खपली.

मी नेरूळला राहते. आमच्या शेजारच्या इमारतीत उपचारांसाठी आलेली परदेशी कुटुंबं महिना-दोन महिने भाड्याने राहतात. मागच्या पावसाळ्यात उत्तर नायजेरियातल्या कानोहून एक बाई आल्या होत्या, मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी. लिफ्टमध्ये माझ्या फोनवर लताबाईंचं गाणं वाजलं आणि त्यांनी पुढची ओळ गुणगुणली. शब्द मोडके, पण सूर अगदी नेमका. हिंदी येत नाही म्हणाल्या. लहानपणी आईबरोबर 'मदर इंडिया' किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही.

तिकडे १९५०च्या दशकापासून लेबनीज थिएटरमालकांनी आपले सिनेमे आणले. तिथल्या हौसा समाजातल्या गायकांनी त्या चालींवर स्वतःची भक्तिगीतंसुद्धा बांधली! मला वाटतं, खरी ओढ नाचगाण्यापेक्षा घरातल्या पेचांची आहे. वडीलधाऱ्यांचा शब्द, ठरवून होणारी लग्नं, मनातलं बोलता न येणं. हे त्यांना हॉलिवूडमध्ये कुठून सापडणार? त्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या जुन्या सिनेमातल्या आया आमच्यासारखंच डोकं झाकतात, आणि आमच्यासारख्याच मुलांना रागावतात."