मदत हवी आहे: मधल्या रस्त्यावर सायकल ट्रॅक बसवायचा कसा?

नमस्कार मंडळी. रस्त्यांच्या वर्गवारीचा आराखडा करतोय. मुख्य रस्ते आणि गल्ल्यांचा प्रश्न सुटला: वेग ताशी ५० किमीच्या वर तिथे ट्रॅक वेगळा, ३० च्या आत सगळे एकत्र. घोडं अडलंय कलेक्टर रस्त्यावर, म्हणजे गल्ल्यांतली वाहतूक मुख्य रस्त्याला नेऊन जोडणाऱ्या मधल्या रस्त्यावर. हद्दीपासून हद्दीपर्यंत रुंदी १२ मीटर. दोन व्हीलचेअर समोरासमोर जाव्यात म्हणून दोन्हीकडे १.८ मीटर मोकळा फूटपाथ, मग तीन-तीन मीटरच्या दोन लेन. उरतात २.४! (झाडं, विजेचे खांब अजून धरलेच नाहीत.) दोन्ही बाजूंना १.२ चे नुसते रंगवलेले पट्टे दिले, तर कुणी गाडी लावली की पट्टा गायब. वेगच ३० वर आणावा, की रस्ता एकेरी करावा? एकेरीवर गाड्या सुसाट सुटतात, ही धास्ती. कुणी असा रस्ता हाताळलाय का?