मदत हवी आहे: माझदाच्या १३बी-आरईडब्ल्यू रोटरी इंजिनला जास्त बूस्टसाठी (टर्बोचा दाब) डॉवेल करायचंय, म्हणजे थर सरकू नयेत म्हणून जास्तीच्या पिना घालायच्यात. पिना किती, कुठे आणि किती घट्ट?

सिंगल_टर्बो (ऑकलंड):
मंडळी नमस्कार. १९९३ची एफडी आरएक्स-७. जुळे टर्बो जाऊन एकच मोठा येतोय, इंधन ई८५ (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), बूस्ट १.७ बार, चाकांवर ५५० हॉर्सपॉवरच्या आसपास हवेत. इंजिन उघडं आहे. रिअर आयर्नला (मागचा ओतीव लोखंडी थर) वरच्या मूळ डॉवेलपाशी केसाएवढी भेग आहे आणि रोटर हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो तो ॲल्युमिनियमचा थर) कडेला घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत. रिअर आयर्न दुसरं मिळालंय. डीआरओ (आकड्यांत जागा दाखवणारा पडदा) असलेलं मिलिंग मशीन हाताशी आहे.
१) जास्तीच्या पिना किती घालू? २) फिट कसा ठेवू? ३) त्यापेक्षा बोल्टऐवजी जाड स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळ्या) बरे का?

ट्रोकॉइड:
त्या खुणा आणि ती भेग एकाच दुखण्याच्या आहेत. फ्रंट आयर्न, रोटर हाउसिंग, मधलं आयर्न, रोटर हाउसिंग, रिअर आयर्न अशी ही पाच थरांची चवड. १८ लांब बोल्ट ती आवळून धरतात आणि थर सरकू नयेत म्हणून कंपनीने दिलेले पोकळ डॉवेल दोनच. शाफ्टला जेवढा पीळ मिळतो तेवढाच उलटा पीळ या चवडीला सोसावा लागतो. तो बराचसा थरांमधल्या घर्षणावरच निभावतो. बूस्ट वाढला, त्यात नॉक (इंधनाचा अवेळी भडका) झाला, की हातोडा बसल्यासारखा धक्का येतो, घर्षण हरतं, थर किंचित सरकतात आणि सगळा भार त्या दोन डॉवेलवर पडतो. डॉवेलभोवतीची भिंत पातळ, म्हणून आयर्न तिथेच तडकतं.

५५० ला डॉवेल करा, त्यात दुमत नको. ३५०-४०० मध्ये राहणार असाल तर मी तो खर्च नॉक आवरण्यावर केला असता. कारण डॉवेल नॉक थांबवत नाहीत. रोटरच्या टोकांवरचे २ मिमीचे अपेक्स सील डॉवेल असूनही तुटतील. शाफ्टला मेन बेअरिंग दोन टोकांनाच असतात, मध्ये आधार नाही. त्यामुळे वरच्या आरपीएमला तो वाकतो आणि त्यावरही डॉवेलचा काडीचा उपयोग नाही.

टूलरूमकर (भोसरी):
रोटरीचं मला फार कळत नाही, पण डॉवेल हा रोजचा धंदा आहे.

संख्येच्या मागे लागू नका. नेमक्या जागी बसलेल्या ५ पिना चुकलेल्या १२ पेक्षा बऱ्या. ५ जागा आणि ४ सांधे, म्हणजे २० पिना. १२ मिमी व्यासाच्या, ३० मिमी लांब, कठीण केलेल्या ग्राउंड पिना घ्या, टॉलरन्स एम६ (म्हणजे १२.००७ ते १२.०१८). पोटात आटे असलेल्या मिळतात त्याच घ्या, नाहीतर पुढे आंधळ्या भोकातून काढताना रडाल.

आधी जिग, म्हणजे भोकांच्या जागा धरून ठेवणारा साचा. २५ मिमीची ग्राउंड प्लेट, तिच्यावर मूळ डॉवेलच्या दोन भोकांत बसणारे दोन लोकेटर. एकावरून शून्य धरा, दुसऱ्यावरून कोन. प्रत्येक थर स्वतंत्रपणे याच जिगवर करा. पाचही थर एकत्र आवळून आरपार भोक पाडायचा मोह होतो, पण मग उद्या एक हाउसिंग बदललं की सगळा संच वाया. आणि हाउसिंग उलटं केल्यावर एक्सचं चिन्ह बदलतं, हे भोक पाडण्याआधी कागदावर लिहा. चूक नेमकी तिथेच होते.

भोकं ११ मिमी ड्रिल, मग बोअरिंग हेडने ११.८, मग १२ एच७ रीमर (भोक १२.००० ते १२.०१८), या क्रमाने करा. बोअरिंग गाळू नका. ड्रिल भरकटतं आणि रीमर भोकाच्या मागे जातो, जागा सुधारत नाही. कास्ट आयर्न कोरडं, ॲल्युमिनियमला रॉकेल. तोंडाला अर्धा मिमी चॅम्फर (तिरकी कड) द्याच. उठलेली कड राहिली तर सांधा मिटत नाही.

सिंगल_टर्बो:
दोन्ही बाजूंना एच७ का?

टूलरूमकर:
नाही. आयर्नमध्ये एच७, तिथे पिन बहुधा दाबून बसेल. ॲल्युमिनियममध्ये पिन मोजून भोक तिच्यापेक्षा ०.०१ मिमी मोठं ठेवा, म्हणजे हाताने सरकेल. चवड पुन्हा उघडताना हाउसिंग ओढून काढावं लागता कामा नये.

आणि प्रसरणाचा हिशोब करा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मध्यापासून १५० मिमीवर असलेली पिन आणि ७० अंशांची वाढ धरली तर फरक ०.१२ मिमीच्या घरात जातो. म्हणजे तुमचं ०.०१ चं अंतर गरम झाल्यावर संपलं. आमच्याकडे अशा ठिकाणी डायमंड पिन घालतात: केंद्राच्या दिशेच्या दोन बाजू घासलेल्या आणि पीळ येतो त्या दिशेने पूर्ण घट्ट. फुगायला जागा, सरकायला नाही.

ट्रोकॉइड:
हिशोब पटला. तरी बहुतेक रोटरीवाले गोल पिनाच घालतात आणि मूळ डॉवेलही गोलच असतात. आवळलेला सांधा प्रसरणाला बराच रोखून धरतो. पण करायला सोपी गोष्ट आहे, घासायला वेळ असेल तर घासा. फक्त बसवताना पिन फिरू देऊ नका, नाहीतर घासलेली बाजू नेमकी पिळाकडे येईल.

जागा निवडताना: १९८६ नंतरच्या १३बीमध्ये पाण्याच्या सीलची खाच आयर्नमध्ये असते. पिन त्या खाचेच्या बाहेर, भरीव धातूतच यायला हवी. आतली पाण्याची पोकळी कुठवर आहे ते जाडी मोजण्याच्या गेजने दोन्ही बाजूंनी तपासा, भोवती ५ मिमी तरी भिंत उरू द्या. मूळ डॉवेलपैकी एकाच्या भोकातून तेल जातं. तिथली ओ-रिंग नवी घाला आणि त्या भोकाला हात लावू नका.

स्टडबद्दल: जाड स्टड भोकं रीम करून घट्ट बसवले तर तेही डॉवेलसारखं काम करतात. पण १८ भोकं नीट साधायची म्हणजे काम वाढतं, कमी होत नाही. नुसते मजबूत बोल्ट घालून जास्त आवळणं मात्र चूक. टॉर्क ३.२ ते ४.० किलोग्रॅम-मीटर, तीन टप्प्यांत. त्यापुढे गेलात तर हाउसिंगचा आकारच बिघडतो.

एकशेपाच:
जोडणीतली एक अडचण कुणी सांगितली नाही. मधलं आयर्न बसवताना शाफ्ट साधारण २५ मिमी वर उचलून ते मागच्या जर्नलवरून (शाफ्टचा रोटर बसतो तो भाग) आडवं सरकवत उतरवावं लागतं. खालच्या बाजूला पिना लांब बाहेर आल्या असतील तर त्या आधीच हाउसिंगला भिडतात आणि आयर्न सरकतच नाही. बाहेर १५ मिमीपेक्षा जास्त नको, टोकाला चांगला उतार हवा.

दुसरं, आंधळ्या भोकात तेल अडकलं तर चवड मिटत नाही आणि टॉर्क मात्र आल्यासारखा वाटतो. पिनेला उभी अर्धा मिमीची चपटी बाजू घासा, हवा आणि तेल तिथून निघेल.

सील, ओ-रिंग, रोटर काहीही न घालता आधी कोरडी जोडणी करा. स्टेशनरी गिअर (आयर्नला पक्के बसणारे, मेन बेअरिंग धरणारे गिअर) आणि शाफ्ट घाला, १८ही बोल्ट पूर्ण टॉर्कला आणा. सांध्यात ०.०३ मिमीची फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेही शिरता कामा नये आणि शाफ्ट बोटाने फिरला पाहिजे. अडखळला तर एकेका जागेच्या पिना काढत जा, दोषी जागा सापडेल. तेवढंच भोक मोठं करायचं, पिन ठोकून बसवायची नाही.

सिंगल_टर्बो:
आभारी आहे. जिगला ५ जागा ठरवतो, कोरड्या जोडणीनंतर मापं इथेच टाकतो. टूलरूमकर, १२ ऐवजी १० मिमीच्या पिना चालतील का? प्लगच्या बाजूला एका जागी भिंत ४ मिमीच उरतेय.

टूलरूमकर:
ती एक जागा सोडा. चारच करा, पण १२ च्या.