फायलींची नावं मराठी-कन्नडमध्ये आहेत: नेटवर्क बॅकअप स्वतः लिहू की बॅक्युला हे तयार ओपन सोर्स बॅकअप सॉफ्टवेअर बिल्ड करू?

शहापूरकर | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान फाउंड्रीचे कॉम्प्युटर बघतो. डिप्लोमा मेकॅनिकलचा, कोडिंग आपलं आपण शिकलो. एकूण ११ मशीन आहेत: कारखान्यात ६, शहापूरच्या ऑफिसात ४ आणि खानापूरच्या गोडाउनात १. कारखान्यात एक लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर साम्बाचा (नेटवर्कवर फायली वाटून देणारा प्रोग्राम) सामाईक फोल्डर. पॅटर्नची ड्रॉइंग, भट्टीच्या हीटच्या नोंदी, बिलं, हजेरी, सगळं त्यात.

आधी आरसिंक या फायली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामची स्क्रिप्ट होती. रोज रात्री ताजी कॉपी व्हायची, पण "मागच्या मंगळवारची फाईल दे" असं कुणी म्हटलं की माझ्याकडे ती नसायची. म्हणून पायथनमध्ये स्वतःच लिहायला घेतलं. प्रत्येक मशीनवर एक छोटी सर्व्हिस, सर्व्हर रात्री तिला हाक मारतो, बदललेल्या फायली ओढून घेतो आणि कुठली फाईल कधीची, याची नोंद एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधल्या यादीत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, ठेवतो. वर्षभर संध्याकाळी घरी बसून लिहिलं. पुढे ओपन सोर्स करायचं ठरवलं होतं, कारण आमच्या आजूबाजूच्या शेडमध्ये सगळ्यांची हीच अडचण आहे.

गेल्या महिन्यात हिशेब बघणाऱ्या काकूंच्या मशीनची डिस्क गेली. मी म्हटलं काळजी करू नका, रोज रात्री "बॅकअप ओके" येतंय. रिस्टोअर केलं, आणि दोन ठिकाणी खड्डा निघाला.

पहिला खड्डा: लेबर ऑफिसला द्यायच्या कन्नड फॉर्मचा फोल्डर. तो बाहेरून झिपमध्ये आला होता, नावं जुन्या फॉन्टमधली, आणि झिप उघडताना त्या नावांतले बाइट जसेच्या तसे डिस्कवर उतरले. ते यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, बसत नव्हते. एसक्यूलाइटमध्ये नाव घालताना पायथन "सरोगेट्स नॉट अलाउड" म्हणून थांबायचा आणि माझा कोड ती एरर पकडून पुढच्या फायलीवर जायचा. सुरुवातीला एका फायलीपायी अख्खा जॉब अडू नये म्हणून मीच तसं लिहिलं होतं. फोल्डरमधली एकही फाईल कधी घेतलीच गेली नव्हती.

दुसरा खड्डा जास्त लागला. "कर्मचाऱ्यांची हजेरी" नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये होत्या. एक काकूंची, एक शिफ्ट सुपरवायझरची. स्क्रीनवर नावात तिळाचाही फरक नाही. पण काकू इनस्क्रिप्टवर ऱ ची वेगळी की दाबून टाइप करतात आणि सुपरवायझरच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि मागोमाग न दिसणारं जोडचिन्ह असं येतं. पहिल्यात अर्धा ऱ् ६ बाइटांचा, दुसऱ्यात ९ बाइटांचा. डिस्कच्या हिशेबाने दोन वेगळ्या फायली. मी मात्र शोध सोपा व्हावा म्हणून दोन्ही रूपं एकसारखी करून तेच नाव कॅटलॉगची किल्ली (फाईल ओळखायची खूण) केली होती. रात्री दोन्ही फायली यायच्या, नोंद एकाच फायलीची राहायची, आणि नोंद नसलेली कॉपी सफाईत उडायची.

काकूंची हजेरी गेली. एप्रिल ते जुलै, ३८ कामगारांचा ओव्हरटाइम त्यात होता. त्यांनी चार दिवस कागदी मस्टर समोर ठेवून सगळं परत भरलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

आता सांगा. हा कोड दुरुस्त करत राहू, की बॅक्युला किंवा बॅरिऑस सोर्समधून बिल्ड करून त्यावर जाऊ? आणि गेलो तर तिथे ही नावांची भानगड कशी हाताळलीय?

---

चिकोडीचा_अण्णा | मंगळवार, सकाळी ७:१५

आधी मनावरचं ओझं उतरव बाळा. चूक कुठे झाली ते तू मुळापर्यंत जाऊन शोधलंस, आणि ते इथे उघड लिहिलंस. आता कामाचं बोलूया.

मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये बॅक्युला चालवतो, सोर्समधून बिल्ड करूनच. हा प्रकल्प २००० च्या जानेवारीत कर्न सिबाल्ड यांनी सुरू केला आणि लोकांसाठी पहिल्यांदा २००२ च्या एप्रिलमध्ये बाहेर आला. बॅरिऑस ही त्याचीच २०१० मध्ये फुटलेली शाखा. तू जे संध्याकाळी बसून लिहिलंस त्याची रचना तीच आहे: मशीनवर फाईल डीमन (डीमन म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम), साठवणीला स्टोरेज डीमन, सगळ्यांना वेळेवर उठवणारा डायरेक्टर, आणि नोंदींचा कॅटलॉग. पहिल्या तिघांचे पोर्ट (नेटवर्कवरचे दरवाजे) अनुक्रमे ९१०२, ९१०३ आणि ९१०१.

नावांबद्दल. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर बॅक्युलाचा डेटाबेस तयार करणारी जी स्क्रिप्ट सोर्ससोबत येते, ती उघडून वाच. त्यात एन्कोडिंग मुद्दाम एसक्यूएल-आस्की ठेवलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हे जुनाट आहे, यूटीएफ-८ करूया. केलं. आठवड्यात एका जुन्या फोल्डरवर "इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स" म्हणून बोंब सुरू. मग डोक्यात प्रकाश पडला. लिनक्सला फायलीचं नाव म्हणजे नुसते बाइट. तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. एसक्यूएल-आस्की म्हणजे पोस्टग्रेसला सांगणं, की या बाइटांचा अर्थ लावू नकोस, दिलेत तसे ठेव. बॅकअपवाल्याने तेच करायचं असतं. नाव शुद्ध करणं, एकसारखं करणं, हे आपलं कामच नाही.

तुझ्या पायथनमध्येही सोय आहे. फोल्डर वाचताना पाथ स्ट्रिंग म्हणून न देता बाइट्स म्हणून दे, नावंही बाइट्समध्येच परत येतात. एसक्यूलाइटमध्ये ती ब्लॉब (कच्चे बाइट) म्हणून ठेव आणि तीच किल्ली कर. शोधासाठी एकसारखं केलेलं नाव हवंच असेल तर शेजारी वेगळा कॉलम कर, त्यावर युनिक (एक नाव एकदाच) ही अट अजिबात लावू नकोस.

आणि युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) लावून सुटेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तुझी ६ बाइटवाली आणि ९ बाइटवाली रूपं त्याने एक होत नाहीत. शिवाय तिसरं रूप आहे: र, खाली नुक्ता, मग हलन्त. जुन्या मॅकच्या डिस्कवर नावं अशी सुटी करून ठेवली जात. तेही ९ बाइट, पण बाइट वेगळे.

आता बिल्डबद्दल, कारण तुझ्या पहिल्या खड्ड्याचा भाऊ तिथे बसलाय. कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) चालवलंस आणि ओपन-एसएसएलची, म्हणजे एन्क्रिप्शनची, डेव्हलपमेंट लायब्ररी मशीनवर नसली, तर ते अडत नाही. निमूट पुढे जातं, मेक होतं, इन्स्टॉल होतं, आणि तुला मिळतो तो एन्क्रिप्शन नसलेला डीमन. एसीएलची लायब्ररी नसली तर साम्बाच्या फोल्डरवर दिलेल्या बारीक परवानग्या बॅकअपमध्ये येत नाहीत. म्हणून कॉन्फिगर संपल्यावर जो गोषवारा छापला जातो, तोच कॉन्फिग-डॉट-आउट या फायलीतही राहतो, तो ओळ न ओळ वाच. टीएलएस (नेटवर्कवरचं एन्क्रिप्शन), एन्क्रिप्शन, झेडलिब (डेटा दाबून लहान करणं), एसीएल. जिथे "नो" दिसेल तिथे थांब. मी ते गोषवारे छापून फायलीला लावून ठेवतो.

मशीनवर फक्त क्लायंट हवा असेल तर "एनेबल-क्लायंट-ओन्ली" देऊन बिल्ड कर, पोस्टग्रेस लागत नाही. डायरेक्टर आणि स्टोरेज एकाच व्हर्जनचे हवेत. फाईल डीमन जुना चालतो, त्यांच्यापेक्षा नवा नको.

माझं मत: सर्व्हरवर बॅक्युला बसव. तुझा कोड फेकू नकोस, त्याचं काय करायचं ते नंतर बोलू.

---

लोंढा_पॅसेंजर | मंगळवार, दुपारी २:०५

अण्णांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त खानापूरच्या मशीनबद्दल लिहितो, कारण मी तिथलाच. आमच्याकडे पावसात इंटरनेटची लाइन कधी जाईल नेम नाही. जून ते सप्टेंबर लांबचा बॅकअप म्हणजे रोजचा धसका.

पहिला फुल बॅकअप लाइनवरून घेऊच नका. सीपीयू बसमध्ये घालून बेळगावला न्या, कारखान्याच्या नेटवर्कवर लावा, फुल होऊ दे, परत आणा. नंतर लाइनवरून फक्त इन्क्रिमेंटल, म्हणजे बदललेलं तेवढंच. एक करा: नवा फुल दर महिन्याला आपोआप सुटणार असं शेड्यूल त्या मशीनला ठेवू नका, नाहीतर ऐन जुलैत तो अख्खी रात्र खाईल आणि अर्ध्यात तुटेल.

कॉन्फिगमध्ये हार्टबीट इंटरव्हल द्या. मोठा फोल्डर तपासताना बराच वेळ काही पाठवायचंच नसतं, मधला राउटर समजतो की कनेक्शन मेलं, आणि तोडतो. मी ६० सेकंद ठेवलंय. जॉबला रिशेड्यूल ऑन एरर द्या, किती वेळाने आणि किती वेळा तेही. आणि ९१०२, ९१०३ इंटरनेटवर उघडे टाकू नका, वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा घाला आणि त्यात कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद.

---

निपाणीची_डीटीपी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी कोड लिहीत नाही, पण लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, तंबाखूच्या वखारीची लेबलं, दिवसभर दोन्ही भाषांत टाइप करते. मला वाटतं काकूंच्या बाजूने कुणी बोललं नाही.

बॅकअपने दोन्ही हजेऱ्या नीट ठेवल्या असं धरू. पण रिस्टोअरच्या वेळी स्क्रीनवर एकाखाली एक "कर्मचाऱ्यांची हजेरी", "कर्मचाऱ्यांची हजेरी" असं दिसलं तर काकूंनी ओळखायचं कसं? माझ्याकडे असं झालंय. मी चुकीची परत घेतली आणि चांगल्यावर टाकली. दोन नावं सारखी दिसत असतील तर दादा, तिथे लाल खूण करा, बाजूला साइज, तारीख आणि कुणाच्या मशीनवरून आली ते लिहा. आणि परत घेताना जुन्या जागी न टाकता वेगळ्या फोल्डरात टाका.

अजून एक. आम्ही नावं लांब ठेवतो. "निपाणी वखार लेबल सुधारित तिसरं प्रूफ मालकांनी बघितलेलं" वगैरे. विंडोजवर चालतं. एकदा लिनक्सवाल्याने कॉपी करून दिलं तर त्याच फायली आल्या नाहीत. ते का?

---

चिकोडीचा_अण्णा | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, लाख मोलाचं बोललात. लांब नावाचं उत्तर: लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाईल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ आहेत, पण ते १६ बिटांचे एकक. देवनागरीचं किंवा कन्नडचं एकेक चिन्ह विंडोजवर एक एकक, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट. म्हणजे विंडोजवर २५५ चिन्हं मावतात, लिनक्सवर ८५. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. तुम्ही लिहिलेलं नाव मोजून बघा, स्पेस आणि एक्स्टेन्शन एकेका बाइटचे, तरी दीडशेच्या पुढे सहज जातं. त्यात आणखी सहा-सात शब्द जोडले की संपलं.

बॅक्युलात फाईल व्हॉल्यूममध्ये (बॅकअप साठवायच्या मोठ्या फायलीत) जाते, तिथे अडचण नाही. विंडोजची फाईल विंडोजवरच परत घ्या. लिनक्सवर घेऊन बघायला गेलात तरच अडेल.

---

शहापूरकर | बारा दिवसांनी, रविवार, दुपारी ४:२०

अण्णा, ताई, लोंढेकर, तुमच्यामुळे मार्ग सापडला.

बॅक्युला बिल्ड केला. पहिल्याच कॉन्फिगरला एसीएलसमोर "नो" आलं होतं, अण्णांनी सांगितलं नसतं तर मी तसाच पुढे गेलो असतो. डेटाबेसची स्क्रिप्ट हात न लावता चालवली. खानापूरचं मशीन मंगळवारी सकाळच्या बसने आणलं, रात्री फुल झाला, बुधवारी परत ठेवून आलो. तेव्हापासून दोनदा लाइन गेली, दोन्ही वेळा जॉब थोड्या वेळाने परत सुटला आणि पूर्ण झाला.

कॅटलॉगचा स्वतःचा बॅकअप आणि बूटस्ट्रॅप फायली (काय व्हॉल्यूममध्ये कुठे आहे ते सांगणाऱ्या) शहापूरच्या ऑफिसात जातात. शनिवारी कॅटलॉग नाही असं धरून, नुसत्या व्हॉल्यूमवरून बीएक्स्ट्रॅक्ट या बॅक्युलाच्या साधनाने कन्नड फॉर्मचा फोल्डर बाहेर काढून बघितला. सगळ्या फायली आल्या. नावं स्क्रीनवर चौकोन-प्रश्नचिन्हंच दिसतात, पण मूळ बाइटांशी ताडून बघितली, एकही बदललेला नाही.

माझा कोड ठेवलाय, पण त्याचं काम बदललं. आता तो बॅकअप घेत नाही. रात्री जॉबच्या आधी सामाईक फोल्डर फिरतो आणि तीन गोष्टींची यादी देतो: यूटीएफ-८ मध्ये न बसणारी नावं, सारखी दिसणारी पण बाइट वेगळे असलेली नावं, आणि २५५ बाइटच्या जवळ गेलेली नावं. ऱ ची तिन्ही रूपं ओळखतो. कन्नडमध्येही र च्या जोडाक्षरात तेच न दिसणारं चिन्ह वापरतात, ते घातलंय. ताईंनी सांगितलं तसं साइज, तारीख आणि मशीनचं नाव बाजूला येतं. यादीत काहीही असलं तर सकाळच्या मेलमध्ये "ओके" हा शब्द येतच नाही. आजवर ७ जोड्या सापडल्यात, त्यातल्या ४ हजेरीच्या.

शनिवारी काकूंना शेजारी बसवलं आणि दोन्ही हजेऱ्या वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करून दाखवल्या. त्यांनी दोन्ही उघडल्या, आपली ओळखली, सुपरवायझरची बंद केली. मग विचारलं, "मागच्या महिन्याची पण निघते काय?" ऑगस्टची अजून निघत नाही, तेव्हा बॅक्युला नव्हता. तसंच सांगितलं. पुढच्या महिन्यात परत विचारा म्हटलं.

कोड साफ करून जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली टाकतोय. कुणाकडे कोंकणी किंवा मोडीतली नावं असलेले फोल्डर असतील तर नुसती नावांची यादी द्या, फायली नकोत. मला तपासून बघायचंय.