मदत हवी आहे: अभ्यासिकेत राउटरऐवजी जुना कॉम्प्युटर लावायचा आहे

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाईत माझी छोटी अभ्यासिका आहे, पंचेचाळीस टेबलांची. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची तयारी करणारी लेकरं बसतात. बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, खोली करून राहणारी. टेस्ट सिरीज, लेक्चर, सगळं इथल्या वायफायवर. लाइन फायबरची, १०० एमबीपीएसची. ओएनटी (फायबरचं मोडेम) आणि राउटर मिळून कंपनीनं दिलेला एकच डबा आहे.

दिवसभर बरं चालतं. संध्याकाळी सातनंतर हॉल भरला, चाळीसेक फोन जोडले गेले की नेट बसतं. वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. डबा बंद करून चालू केला की वीस-पंचवीस मिनिटं ठीक, मग पुन्हा तेच. मागच्या रविवारी एका मुलीचा सराव पेपर त्र्याऐंशीव्या प्रश्नावर अडकला आणि वेळ संपला. ती काही बोलली नाही, वही मिटून खाली निघून गेली. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

चांगल्या राउटरचा भाव विचारला, आठ-नऊ हजार सांगतात. तेवढे आत्ता जमणार नाहीत. याच हॉलमध्ये आधी माझा एमएस-सीआयटीचा वर्ग होता. त्यातले सहा सीपीयू माळ्यावर पडून आहेत: आय-थ्री २१००, ४ जीबी रॅम, एच-६१ बोर्ड. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून त्यालाच राउटर करतात असं वाचलं. खरंच जमतं का? लॅनचं पोर्ट एकच आहे, त्याचं काय करायचं? राउटरसाठीच्या सिस्टिमांपैकी ओपनडब्ल्यूआरटी टाकू की ओपीएनसेन्स? आणि वीज किती खाईल? आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. दीड-दोन हजारांत बसवायचं आहे.

प्रतिसाद, नांदेडहून

सर, जमतं. पण सीपीयू खाली उतरवायच्या आधी एक तपासणी करा, नाहीतर मेहनत वाया जाईल. कॉम्प्युटर राउटर झाला तरी वायफाय त्याच्यातून निघणार नाही, ते दुसऱ्या डब्यातूनच द्यावं लागेल. तेव्हा दुखणं वायफायचं आहे की राउटरचं, हे आधी कळलं पाहिजे.

संध्याकाळी गर्दीच्या वेळी एक लॅपटॉप केबलनं डब्याला जोडा आणि दोन कमांड खिडक्यांत पिंग (उत्तर किती वेळात येतं ते दाखवणारी आज्ञा) लावून ठेवा. एक डब्याच्या पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर, दुसरी बाहेरच्या ८.८.८.८ वर, म्हणजे गुगलच्या सर्व्हरवर. केबलवर दोन्ही ठणठणीत आणि फोनवर मात्र अडकत असेल, तर वायफाय कमी पडतंय. मग कॉम्प्युटर लावून उपयोग नाही, दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) घ्या. डब्याचं पिंग चांगलं आणि बाहेरचं सहाशे-आठशे मिलिसेकंदांवर जात असेल, तर लाइन तुंबते आहे. केबलवरून खुद्द डबाच उत्तर देत नसेल, तर त्याचाच दम संपतो आहे.

मूळ धागाकर्ता

आज रात्री आठला लावून बघितलं. डबा आधी एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर देत होता. साडेआठला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' सुरू झालं, तेही केबलवर. डब्याचं सेटिंगचं पानसुद्धा उघडेना. हात लावला तर चांगलाच तापलेला.

प्रतिसाद, नांदेडहून

मग सीपीयू उतरवा. प्रत्येक फोन एकाच वेळी पन्नास-शंभर कनेक्शन उघडतो आणि त्या प्रत्येकाची नोंद राउटरला मेमरीत ठेवावी लागते. छोट्या डब्याला ते झेपत नाही. तुमच्या आय-थ्रीला आणि ४ जीबीला हे काम जाणवणारही नाही.

ओपनडब्ल्यूआरटी घ्या, एक्स-८६ ची ६४ बिटवाली इमेज, त्यातली स्क्वॅशएफएसची. तिचा मूळ भाग फक्त वाचता येणारा असतो, त्यामुळे धाडकन लाइट गेली तरी सिस्टिम सहसा बिघडत नाही. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. ओपीएनसेन्सही उत्तम आहे, पण ते फ्रीबीएसडीवर चालतं आणि तिथं रिअलटेकची लॅन कार्डं कुरकुर करतात. तुमच्या बोर्डावर बहुधा रिअलटेकच असेल.

लॅन कार्ड आणखी एक लागेल. पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड घ्या, जुनं इंटेलचं मिळालं तर सोनं. वर्गातली १०० एमबीपीएसची जुनी पीसीआय कार्डं पडली असतील तर तात्पुरतं तेही चालेल, तुमची लाइनच शंभरची आहे.

दोन गोष्टी नीट करा. पहिली, कंपनीच्या माणसाला डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो फक्त लाइन पुढं देईल आणि राउटरचं काम कॉम्प्युटर करेल, आणि पीपीपीओई चं, म्हणजे लाइनच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. तो म्हणेल, तसंच मागं जोडा, चालतं. चालतं खरं, पण मग सगळ्या नोंदी पुन्हा त्या डब्यालाच ठेवाव्या लागतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. दुसरी, ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ताही १९२.१६८.१.१ असतो. दोघांची टक्कर होऊ नये म्हणून आपला १९२.१६८.१०.१ करून घ्या.

सगळं चालू झालं की एसक्यूएम (लाइनचा वेग नीट वाटून देणारं पॅकेज) टाका, त्यात केक ही पद्धत निवडा. वेग खरा मिळतो त्याच्या नव्वद टक्के भरा. प्रगत पर्यायांत उतरत्या बाजूला 'नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट' (nat dual-dsthost) आणि चढत्या बाजूला 'नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट' (nat dual-srchost) लिहा. मग लाइन भरली की प्रत्येक फोनला सारखा वाटा मिळतो. एकानं मोठं डाउनलोड लावलं म्हणून दुसऱ्याचा पेपर अडकत नाही.

प्रतिसाद, परभणीहून

विजेचं मी सांगतो दादा, आमच्या दुकानात दोन वर्षं असंच चालू आहे. मॉनिटर, डीव्हीडी, हार्डडिस्क सगळं काढा, पेनड्राइव्ह किंवा छोट्या एसएसडीवरून चालवा. असा आय-थ्री साधारण ४५ वॅट घेतो. चोवीस तासांचं एक युनिट, महिन्याला बत्तीसच्या आसपास. रात्री अकरा ते सहा बंद ठेवलात तर तेवीस. बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरवर साडेचार-पाच अँपिअर धरा. १५० एएचची बॅटरी असेल तर चार तास लाइट गेली तरी काळजी नाही, पण पंखे त्याच बॅटरीवर असतील तर हिशोब वेगळा.

इन्व्हर्टरच्या मागं यूपीएसचं बटण असतं, ते चालू करा. नाहीतर लाइट गेल्या क्षणी सीपीयू रिस्टार्ट होतो. बायोसमध्ये (सीपीयू सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर एसी पॉवर लॉस' ला 'पॉवर ऑन' करा, म्हणजे कुणी बटण दाबायची वाट न बघता तो आपोआप उठेल. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल इतक्या वर्षांत गेलेलाच असणार. तो बदलला नाही तर हे सेटिंग टिकत नाही. आणि ब्लोअर मारा. मे महिन्यात पत्र्याखाली धूळ भरलेला पंखा जीव सोडतो.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ब्रिजसाठी चार फोन करावे लागले, शेवटी लाइनमन स्वतः येऊन करून गेला. जुनं इंटेलचं कार्ड लातूरला चारशेला मिळालं, सेल पंचवीसचा. पंख्यातून निघालेली धूळ सुपात मावली नसती. वायफायसाठी घरचा जुना राउटर लावलाय, त्याचं डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटायचं काम) बंद करून केबल लॅनच्या पोर्टात दिली. सेटिंगच्या पानावर आत्ता बेचाळीस फोन दिसतायत, रात्रीचे नऊ वाजलेत, पिंग अठरा-वीसच्या पुढं गेलेलं नाही. ती मुलगी खिडकीजवळच्या टेबलावर आहे, पेपर चालू आहे.

एकच अडचण राहिली. कोपऱ्यातल्या आठ-दहा टेबलांवर वायफाय कमजोर येतं, मधे विटांची भिंत आहे. तिथं केबल ओढून दुसरा जुना राउटर लावला तर दोघांचं नाव-पासवर्ड एकच ठेवू की वेगळं? आणि चॅनेल १ आणि ६ ठेवले तर चालेल का?