हीदरला फुलं का येत नाहीत? (इंदूर)

गच्चीवरचा_माळी: मागच्या थंडीत नर्सरीतून हिवाळी हीदर (थंडीत फुलणारं छोटं झुडूप) म्हणून रोप आणलं, शास्त्रीय नाव एरिका कार्निया सांगितलं होतं. बागेतल्या काळ्या मातीतच लावलंय, बोरिंगचं पाणी घालते, पानं हिरवीगार पण डिसेंबर संपत आला तरी एक कळी नाही. काय चुकतंय?

माळवी_काका: अहो ताई, आधी पानं बघा. खऱ्या एरिकाची पानं सुईसारखी बारीक आणि फुलं इवल्या घंटांसारखी लोंबती. पान चपटं, समोरासमोर जोडीनं असेल तर ती कूफिया, आपल्याकडे नर्सरीवाले तिलाच मेक्सिकन हीदर म्हणून खपवतात. आणि खरी एरिका आल्प्सकडची, ती इंदूरचा मे महिना जमिनीत काढेल असं मला तरी वाटत नाही.

गच्चीवरचा_माळी: चपटीच आहेत 😭 म्हणजे फसवलं की मला!

पोहे_जलेबी: फसलात कशाला, कूफिया तर आपल्याकडे जवळजवळ बारा महिने फुलते, फक्त ऊन हवं. सावलीत असणार तुमची. शेंडे थोडे खुडा आणि उन्हात हलवा, काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून कुंडीत वाळू नि शेणखत मिसळून लावा.

माळवी_काका: आणि एरिकाचा हट्टच असेल तर कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पानांचं खत, साठवलेलं पावसाचं पाणी, उन्हाळ्यात सावली. तिच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या शेवटीच धरतात, म्हणून छाटणी फुलं संपली की लगेच, नंतर केली तर कळ्याच कापाल.

गच्चीवरचा_माळी: जामुनाच्या झाडाखाली आहे ती! उद्याच हलवते.