आयसोफिक्स आहे म्हणजे बाळाची सीट बसलीच असं नाही

बाळाच्या सीटसाठी कोणती गाडी घ्यावी या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'आयसोफिक्स (म्हणजे बाळाची सीट गाडीत अडकवायचे हुक) असलं की झालं, मग स्विफ्ट घ्या नाहीतर आय-ट्वेंटी एन लाइन'. ते अर्धंच पटलं. हुक दोन्हीत आहेत, पण खरी अडचण पुढच्या सीटची. बाळाचं तोंड मागे असलेली सीट तिरकी बसते आणि पुढच्या सीटच्या पाठीला टेकते. युरोपातला बाळांच्या सीटचा आर-१२९ नियम निदान १५ महिन्यांपर्यंत तशीच बसवायला सांगतो, म्हणजे हा प्रश्न चार दिवसांचा नाही. आम्ही साताऱ्यात गाडी बघताना सीट सोबतच नेली होती. डाव्या बाजूला बसवली (राजपथावर बाळाला फुटपाथच्या बाजूनेच उतरवलेलं बरं) आणि बायकोला पुढे बसवलं. एका गाडीत तिचे गुडघे थेट डॅशबोर्डला! ती तिथेच बाद.

चर्चेत तीन दारांच्या थारचंही नाव आलंय. यवतेश्वरच्या घाटात ती मजा देईल, पण झोपलेलं मूल पुढची सीट दुमडून मागे चढवायचं, तेही रोज? मी नाही घेणार. आणि बाळाची उलटी सीट चालू एअरबॅगसमोर, पुढे, कधीही लावू नका. एअरबॅग उघडली तर ती सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागेच आदळते.